धाकट्याचं बटण

हसू नका, पण मी बनवलेल्या वेबसाइटमुळं मस्तगडातल्या कापडवाल्या शेठच्या घरात वाटण्याच व्हायच्या बाकी होत्या. चार भावांच्या नावांची चार बटणं मी वर एका ओळीत लावल्ती. माझ्या घरी बराबर दिसायची. दुकानातल्या जुन्या, बारक्या स्क्रीनच्या कम्प्युटरवर उघडली, तर धाकट्याचं बटण खालच्या ओळीत!

धाकटा स्टुलावरून उठला. "मला वेगळं काढलं का?"

मी म्हणालो, "बटण वर गेल्याबिगर चहा घेणार न्हाई." तीन चहा गार झाले, तवा चूक सापडली. बटणांची रुंदी मोजल्ती, पण त्यांच्या कडांची जागा धरलीच न्हवती.

"शेठ, रुंदी जरा कमी करावी लागंल."

"धाकट्याची कर," गादीवरचे तिघं थोरले भाऊ एकदम म्हणाले.

"न्हाई," खुर्चीतून त्यांची आई बोलली. "चौघांची थोडी थोडी कर."

मी सीएसएसमध्ये, म्हंजे वेबसाइटच्या मांडणीच्या कोडमध्ये, तसंच केलं. बटण गपकन वर जाऊन बसलं.

आईनं स्क्रीनकडं पाह्यलं. मंग गादीवर ऐसपैस बसलेल्या तिघांकडं पाह्यलं, मंग स्टुलावरच्या धाकट्याकडं.

"सरका रे जरा," ती म्हणाली.