पुरात न गेलेली पेटी

— नाही, तू आधी बस आणि पुन्हा सांग. हळू सांग. परवा जाखडी नाचाच्या स्पर्धेत तुझ्या मंडळाने जी चाल लावली, जिला मी परीक्षक म्हणून पहिला नंबर दिला, ती तुझ्या आज्याची नाही? पणज्याचीही नाही — या पत्र्याच्या पेटीतली? आमच्या आमोदच्या कॅसेटमधली? अरे भरत, मी माइकवर काय बोललो ते ऐकलंस ना, घुंगरू बांधून समोरच उभा होतास. ‘तीनशे वर्षं सह्याद्रीच्या मातीत मुरलेली चाल’ — मुरलेली म्हणालो मी! साप्ताहिकात छापून आलं, फोटोसकट. आणि मुरली होती कुठे, तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गॅरेजमध्ये, ओठ रंगवलेल्या चार पोरांच्या यंत्रात. हसू नकोस. बरं, हस. मीही हसलो असतो तुझ्या जागी.

आणि शिवथरचा भागोजी? त्याची मात्र खरंच आज्याची होती, म्हणतोस? त्याला मी तिसरा दिला. शेरा काय मारला — ‘आधुनिक संगीताची छाप जाणवते.’ दोनदा एम.ए., वर डॉक्टरेट, तीही लोकगीतांवर. कान कुठे होते माझे? तेव्हाही नव्हते बहुतेक. प्रबंध तपासणाऱ्यांनाही नसावेत — सोड.

लवकर बोल, आमोद येईल इतक्यात. त्याची आई, गोदावरी, वीर स्टेशनवर गेलीय त्याला आणायला. मी नाही गेलो, गुडघा दुखतो — दुखत नाही, गेलो नाही. तुला आठवतो का तो? रंगूबाई आमच्याकडे भांडी घासायची, तू तिच्यामागे यायचास, दहा वर्षांचा. शहाऐंशी साल. हा मुंबईच्या कॉलेजातून यायचा तो अर्धे केस डोळ्यावर, खांद्यांत उशा घातलेला कोट — मे महिन्यात, महाडात! — आणि डोळ्यांत काजळ. तसाच बाजारपेठेतून जायचा. लोक विचारायचे, ‘सर, आमोद नाटकात काम करतो का?’ मी हो म्हणायचो. वर्षभर ते नाटक चालू होतं बघ. तो म्हणायचा, बाबा, ही न्यू वेव्ह आहे, गळा नसला तरी गाता येतं, हेच तर नवीन आहे. मी म्हटलं, आमच्या आळीतल्या भजनी मंडळात ते फार जुनं आहे. चांगला टोला होता की नाही? सगळे हसले. तो नाही हसला.

मग तो गेला मेलबर्नला, आणि मी त्याच्या कॅसेटची ही पेटी तुझ्या आईला दिली — यावर भजनं भरून घ्या म्हणून. त्याला लिहिलं, पुरात गेली. पूर आला होता, ते खोटं नाही, बाजारपेठेत छातीभर पाणी होतं. पण आमच्या पायरीलाही लागलं नाही. ‘माळ्यावरची पेटी पुराने कशी नेली?’ एवढंच त्याने उलट विचारलं. तेरा वर्षं झाली. पत्रं आईच्या नावाने येतात, शेवटच्या ओळीत ‘बाबांना नमस्कार’. हे तुला कशाला सांगतोय मी?

पण तू भजनं का नाही भरलीस त्यावर? ‘गाणी चांगली हायत म्हून’? एवढंच? घरात विचारायची गरज नाही, पुस्तक वाचायची गरज नाही, दहा वर्षांच्या पोराला चांगली वाटली, संपलं! ...थांब, ती चाल गुणगुण बघू जरा. पायाने ठेका धर. — हं. — हं. चांगली आहे रे. तेव्हाही चांगलीच असणार.

रिक्षा वाजली का? तीच. ऊठ, मागच्या दाराने जा. भागोजीला सांग, मी उद्या येतो, चुकलं म्हणून सांगायला — नको, मीच सांगेन. अरे, पेटी कुठे नेतोस? ठेव ती. पलंगाखाली नको — टेबलावरही नको — दारातच ठेव, आल्याआल्या पायात येईल अशी. आणि तू जा. जा म्हटलं ना.