सरांनी बसवलेली तमिळ

आमच्या शाळेत तमिळ किती चांगली शिकवतात, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. प्रजासत्ताक दिनाला 'विविधतेत एकता' हा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलीनं एकेका राज्याचा वेश करून तिथल्या भाषेत 'मी भारतीय आहे' म्हणायचं. माझी मैत्रीण कविता किन्हीराजाजवळच्या बंजारा तांड्यावरची. तिची आई पहिल्यांदाच शाळेत येणार होती, म्हणून कविताला ते वाक्य घरच्या गोरमाटी भाषेत म्हणायचं होतं.

सर म्हणाले, "हे पाय पोरी, कार्यक्रम राज्यायचा हाय. तुह्या भाषेले राज्यच नाई, तं तुले उभी कुठं करू? तू तमिळनाडू हो."

एकतेचा प्रश्न असा चटकन सुटला. सरांनी मोबाइलवर ऐकवून तमिळ वाक्य तिच्याकडून पाठ करून घेतलं. मी आसाम होते आणि तिच्या शेजारीच उभी होते.

माइक हातात येताच कविता वाक्य विसरली. घाबरून तिनं आईलाच गोरमाटीत हाक मारली, "याडी, मला काहीच आठवत नाही गं!"

मागून तिची आई त्याच भाषेत ओरडली, "मग उतर की खाली!"

प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवत उठले. "काय अस्सल तमिळ! पहिलं बक्षीस तमिळनाडूला! पण सर, तुमच्याकडे तमिळ लोकही राहतात?"

सरांनी एकदा कविताकडे पाहिलं, एकदा तिच्या आईकडे.

"राह्यतेत ना साहेब," ते म्हणाले, "लय जुने हायत."