काड्यापेटी कॉलनी

तात्या: दार सताड उघडं टाकून बॅगा भरत्यात व्हय कुणी, वहिनी? सगळ्या कॉलनीला दिसतंय.

द्वारकाबाई: सगळ्या कॉलनीला न्हाय. शेजारच्या रामहरी तात्याला दिसतंय. सकाळधरनं कंपाउंडवरनं मान काढून हुबं हायती.

तात्या: मी झाडाला पाणी घालत हुतो.

द्वारकाबाई: कुठल्या झाडाला? त्या भिंतीकडंला तुमची दोरीवरची बनियन सोडून काय न्हाय.

प्रतिक्षा: आजी, त्यांना आत तरी येऊ दे. या ना आजोबा. थांबा, खुर्चीवरच्या साड्या काढते.

तात्या: तू विजयसिंहाची प्रतिक्षा न्हवं? केवढी झालीस गं. पुण्यासनं कधी आलीस?

प्रतिक्षा: काल एसटीनं. आजीला आवरायला मदत म्हणून. बाबा आज गाडी घेऊन येतायत, तिला न्यायला.

तात्या: न्यायला?

द्वारकाबाई: चार दिवस पोराकडं जाती म्हणलं. त्याची काय दवंडी पिटायची?

तात्या: चार दिवसाला देव्हाऱ्यातलं देव बी गुंडाळलं?

द्वारकाबाई: त्यास्नी बी हवापालट नको?

प्रतिक्षा: चार दिवस नाही, आजोबा. कायमचीच येतीये ती. मला वाटलं तुम्हाला माहितीये.

तात्या: कायमची. आसं.

द्वारकाबाई: ह्या पोरीच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. जा, चहा ठेव जा.

प्रतिक्षा: ठेवलाय. आणि तिथं बरं पडेल तिला, आजोबा. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलीये बाबांनी. ती पडल्यापासून बाबांच्या जिवाला घोर लागलाय.

द्वारकाबाई: मी पडल्याचं काय सांगतीस? पडले मी, आन आधी खाली उतरवलं ह्यास्नी!

तात्या: ते सांगायची गरज न्हाय.

प्रतिक्षा: मला माहीतच नाही हे. सांग ना.

द्वारकाबाई: न्हाणीत पाय घसरला. बादली गडगडली, मी बोंबलले. पुढच्या दाराला आतनं कडी. ह्यांनी आपलं वय इसरून शिडी लावली आन कंपाउंडवर चढले. चढले ते तितंच बसले, घोड्यावर बसल्यासारखे. एक पाय माझ्या अंगणात, एक त्येंच्या.

तात्या: शिडी सरकली, त्याला मी काय करू?

द्वारकाबाई: मी आतनं ओरडती, तात्या, आला का? हे वरनं ओरडत्यात, आलोच, आलोच! शेवटी समोरच्या कौसल्यानं माणसं गोळा केली. आधी तात्या उतरवले, मग माझी कडी तोडली.

तात्या: पण माणसं गोळा कशानं झाली? माझ्या ओरडण्यानं. ते न्हाय सांगायची.

प्रतिक्षा: बाबा म्हणाले, शेजाऱ्यांनी नेलं दवाखान्यात. एवढंच.

तात्या: बरं केलं. पण मला एक सांग बाळा, कायमचं जायचं ही म्हणली का विजू म्हणला?

प्रतिक्षा: दोघंही. आजी म्हणाली, आता या कॉलनीत राहिलंय काय? निम्मे बंगले पाडून अपार्टमेंट झाल्या, कुणी कुणाला ओळखत नाही.

तात्या: आसं म्हणली? द्वारकाबाई म्हणली? आगं, तुझी आजी नसती तर ही कॉलनी झाली नसती. झाली आसती, पण चार भिंती आन पत्रा, बास.

द्वारकाबाई: झालं सुरू.

तात्या: माळ हुता हा निव्वळ. कुसळं आन सरडं. आमी एसटी डेपोतली मेकॅनिक माणसं, तुझा आजोबा संभाजीराव कालव्याच्या ऑफिसात, काय मास्तर लोक. सगळे खेड्यातनं आलेले. मी कळंबचा, तुझी आजी शेळगावची. सोसायटी काढली आन घरं बांधली. सगळी एका मापाची, एका रंगाची, पुढं एवढंएवढं अंगण. गावातले लोक म्हणायचे काड्यापेटी कॉलनी.

द्वारकाबाई: आन त्यातली एक काडी चुकून आमच्या पेटीत शिरली. ते सांगा की.

तात्या: ते ऱ्हाऊ द्या.

द्वारकाबाई: मीच सांगती. नवीन नवीन घरं. हे डेपोतनं ड्युटी करून आले, थेट आमच्या सोप्यात. बूट काढले, टोपी खुंटीला लावली, आन आतल्या अंगाला बघून म्हणत्यात, सारजे, पाणी आण, लई दमलोय.

प्रतिक्षा: अरे देवा! मग?

द्वारकाबाई: मग काय, दिलं की पाणी. तांब्या घेताना वर बघितलं, तवा कळलं. बूट हातात घेऊन पळाले. ह्येंची बायकू सारजा शेजारच्या दारात हुबी राहून बघत हुती सगळं.

तात्या: महिनाभर ती मला इचारायची, आज कुठल्या घरी जेवणार?

प्रतिक्षा: पण आजी नसती तर कॉलनी झाली नसती, ते कसं?

तात्या: ते बागेचं. मधी ती बाग हाय न्हवं, करंजाची झाडं, बाकडी? ती जागा सोसायटीनं पोरासाठी मोकळी सोडल्याली. एका ठेकेदारानं डोळा ठिवला. म्हणला, दुकानाची चाळ बांधतो. वर त्याची वळख दांडगी. आमी मिटिंग घेतली, ठराव केला, अर्ज दिला.

द्वारकाबाई: परत मिटिंग घेतली. परत ठराव केला. गडी माणसांनी कागदाची नुसती रास लावली. आन तिकडं ठेकेदारानं चुन्याची फक्की मारून आखणी केली.

प्रतिक्षा: मग?

द्वारकाबाई: मी आन सारजा रात्री बोललो. उन्हाळा हुता, कुरडयांचं गहू भिजत पडल्यालं घरोघरी. सारजा म्हणली, औंदा कुरडया अंगणात कशाला? त्या मोकळ्या जागंत घालू. सगळ्या बायास्नी निरोप गेला. उजाडायच्या आत आमी जुनी लुगडी, चादरी, बाजा, सगळं पसरलं. ह्या टोकापास्नं त्या टोकापातुर कुरडया. पांढरंशुभ्र रान.

तात्या: आन विटांचा ट्रक आला.

द्वारकाबाई: आला. ठेकेदार जीपमधनं म्हणतोय, घाल आत. ड्रायव्हर इंदापूरकडचा, जवानच हुता. खाली उतरला, बघितलं, आन म्हणला, मालक, अन्नावरनं चाक न्हाय घालणार मी. तुमीच चालवा. ठेकेदार बसला की स्टेरिंगवर! तवा सारजा पुढं झाली, कुरडयांच्या मधी बसली. मग मी. मग कौसल्याची सासू. मग सगळ्याच.

प्रतिक्षा: आणि तुम्ही कुठं होता आजोबा?

तात्या: ड्युटीवर.

द्वारकाबाई: मिटिंगला.

तात्या: बरं, मिटिंगला.

प्रतिक्षा: ट्रक गेला परत?

द्वारकाबाई: गेला. पण दुसऱ्या दिशी येणार हे ठावं हुतं. म्हणून दुसऱ्या दिशी सांडगं. मग पापड. मग मिरच्या. पाऊस लागस्तोवर ती जागा आमी मोकळी सोडली न्हाय. पाऊस लागला तशी झाडं लावली. आंघोळीचं पाणी बादलीनं न्हिऊन जगवली.

तात्या: आन कॉलनी दोन वर्षं कुरडया खात हुती. सणाला कुरडई, पाव्हण्याला कुरडई. मला अजून कुरडई बघितली की घाम फुटतो.

प्रतिक्षा: आजी, हे मला कधीच सांगितलं नाहीस तू.

द्वारकाबाई: त्यात काय सांगायचं? तवा काय वाटलं न्हाय.

तात्या: आन आता म्हणती, राहिलंय काय. अशी बाई लिफ्टमधी उभी राहून वरखाली करणार. वहिनी, आमच्यावर हुकूम कोण चालवणार? गणपतीला वर्गणी न देणाऱ्याच्या दारात कोण बसणार? मला एकट्याला हे कसं झेपणार हितं?

द्वारकाबाई: तात्या, आता बास करा.

तात्या: का? खोटं बोलतोय का?

द्वारकाबाई: मला भ्या वाटतंय.

प्रतिक्षा: आजी?

द्वारकाबाई: विजूनं न्हाय बोलावलं मला. मीच म्हणलं त्याला, न्हे. पडल्यापास्नं अंधार झाला की भ्या वाटतंय. न्हाणीत जाताना भिंतीला धरून जाती. रात्री दाराचा आवाज आला तर घाम फुटतो. ट्रकम्होरं बसले तवा काळीज हाललं न्हाय, आन आता पाण्याचा थेंब वाजला तर उठून बसती. हे कुणाला सांगायचं? कौसल्याला? सगळ्या कॉलनीला दरडावलंय मी जल्मभर. म्हणून गुपचूप चालले हुते.

(तात्या खुर्ची द्वारकाबाईंजवळ सरकवतात.)

तात्या: वहिनी, माझा टीव्ही रात्रभर चालू आसतो. तुमी शिव्या घालता मला.

द्वारकाबाई: घालणारच. बहिऱ्यासारखा लावता.

तात्या: सारजा गेल्यापास्नं लावतो. त्यात काय चाललंय मला ठावं नसतं. माणसाचा आवाज आसला की डोळा लागतो. आमचा पोरगा अविराज म्हणतो, नाशिकला या. मी म्हणतो, हितं शेजार हाय. शेजार म्हंजी कोण, ते काय त्याला फोड करून सांगत न्हाय मी.

द्वारकाबाई: मला तरी कधी सांगितलं?

तात्या: भ्यायचंच हाय तर त्यासाठी पुण्याला कशाला जायाचं? हितंच भिऊ की. तुमी तिकडनं, मी हिकडनं.

द्वारकाबाई: आन परत पडले तर? परत भिंतीवर चढून बसणार?

तात्या: आता शिडी न्हाय. किल्ली द्या एक. आतनं कडी लावायची न्हाय, कुलपाचं दार करून घ्यायचं.

प्रतिक्षा: आजी, एक सुचलंय. शेळगावची संस्कृती इथंच कॉलेजला आहे ना, तुझ्या भावाची नात? हॉस्टेलच्या जेवणावरून रोज रडते माझ्यापाशी. तिला पुढची खोली दिली तर? रात्री घरात माणूस राहील.

द्वारकाबाई: ती यील व्हय म्हातारीपाशी?

प्रतिक्षा: विचारते. थांब. ...हॅलो, संस्कृती? ऐक, द्वारकाआजीकडं राहायला येशील? हो, कायमची. ...आजी, ती म्हणतीये, आज संध्याकाळी आले तर चालेल का?

तात्या: तिला म्हणावं, जेवण चांगलं मिळंल, पण बोलणी बी खावी लागतील.

द्वारकाबाई: तिला म्हणावं, शेजारी एक बहिरा ऱ्हातो, त्याच्याकडं ध्यान द्यायचं न्हाय.

प्रतिक्षा: येतीये ती! आणि न्हाणीतली दांडी बाबा इथं बसवून देतील, मी बघते. पण आजी, खरं सांग, तुला राहायचंय ना? आमच्यासाठी नको ठरवूस. कुणासाठीच नको.

द्वारकाबाई: भ्या काय लगीच जायाचं न्हाय, पोरी. पण ऱ्हायचं हितंच हाय. ती देवाची पिशवी दे हिकडं. देवास्नी आसं गुंडाळून ठिवलंय, गुदमरलं आसतील.

प्रतिक्षा: बाबांचा फोन येतोय. मोरगावपर्यंत आलेत बहुतेक. काय सांगू त्यांना?

द्वारकाबाई: सांग, गाडी सावकाश चालव म्हणावं. आई घरीच हाय.