चाकाखालचा दगड

...न्हाई, न्हाई मास्तर, खाली वाकून काय बघताय? धोतर खराब व्हईल. गाडी तयार हाय. उसाच्या ट्रकवर आदळलेली जीप म्हणंल का कुणी हिला? बॉनेट ठोकलं, मडगार्ड सरळ केलं, रंग मारला — तुमचे हेडमास्तर काल हात फिरवून म्हणले, सूर्यभान, नवरीवानी सजवलीस की! — ब्रेक? बघितला ना. आमच्या गॅरेजची रीतच हाय, दुरुस्त झालेली गाडी लिंबांवरनं घालायची आन् उंबऱ्याच्या अलीकडं थांबवायची. सकाळीच घातली. लिंबं चिरडली, गाडी जाग्यावर उभी. — कुठं म्हंजे? आत, सपाटीला. रिकामीच. पोरी भरून कशी घालू, लिंबाला काय वजन कळतंय? हसा की मास्तर!

उतारावर न्यायला येळ कुठं हुता? हेडमास्तरांचा निरोपावर निरोप — पोरींची भंडारदऱ्याची सहल ठरलीय, जीप आज पायजेच. म्या सांगितलं, पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा पाइप चेपलाय, नवा नगरहून यायचाय. तर म्हणले, तोवर काय तरी कर. — केलं की! पाइप ठोकून बंद केला, तेलाचा थेंब गळत न्हाई. त्या चाकाला ब्रेक न्हाई एवढंच, बाकीची तीन धरत्यात. तिवई उभी राहतीच ना तीन पायांवर? आसं डोळं नका वटारू. जोरात दाबला तर जराशी उजवीकडं वढंल. — व्हय, घाट उतरताना दरी उजव्या अंगालाच हाय. ठावं हाय मला. तुमी सावकाश चालवा म्हंजे झालं.

छबू? ती पुढं गेली. यष्टीनं. — खरं हाय, तुमच्या बोर्डिंगचा सैपाक करती तवापासनं दर सहलीला पोरींच्या संगं जीपमधीच बसती. तिचं आजबी तेच चाललं हुतं. म्याच म्हणलं, नको, तू यष्टीनं जा. — का म्हंजे? गाडीत दाटी व्हती. दाटी, दुसरं काय? बायकोची काळजी करू नये का मानसानं?

बसल्या बघा पोरी. काय गानी म्हणत्यात! दीने, हात आत घे गं. घ्या मास्तर, ही चावी. निघा आता, ऊन चढंल. — चाकाखाली? दगड हाय. रस्ता जरा उताराचा, म्हणून. — हँडब्रेक वढलाय की! दगड आपला सवयीनं लावला, जिवाला बरं वाटतं. — म्या काढू? म्या कशाला? गाडी तुमच्या हेडमास्तरांनी मागितली, म्या दिली, माझं काम झालं. निघायचं तुमाला, तुमीच काढा. — मास्तर. मास्तर, थांबा. हात लावू नका त्याला.

आदी पोरी उतरवा.