आईचं शेल्फ

हार्डवेअरच्या दुकानात रंगारी रांगेत कंटाळून उभा होता. पुढच्या म्हाताऱ्या सुताराची आणि त्याच्या लेकीची जुंपली, तसा त्याचा कंटाळा कुठल्या कुठे पळाला.

“आईच्या शेल्फला स्क्रू? सुताराच्या घरात? खाच पाडून फळी बसवली नाही, तर ते शेल्फ कसलं!”

“बाबा, माझ्या खोलीतलं स्क्रूचंच आहे. कधी हललंय का?”

“हलेल! लाकूड फुगतं, आकसतं, स्क्रू ढिला होतो. खाचेतली फळी कशी, जागची हलायचं नाव घेत नाही.”

“मग तुम्ही आईला कबूल केलेलं खाचेचं शेल्फ कुठाय?”

“होतंय. घाईगडबडीचं काम मला जमत नाही.”

“मी शाळेत होते तेव्हापासून होतंय! आईचे डबे अजून जमिनीवरच.”

“फळ्या तासून तयार आहेत म्हटलं! एकेक उचलताना घाम फुटतो.”

“आणि ठेवल्यात कुठे?”

“आहेत घरातच.”

“घरात कुठे, बाबा?”

“…तुझ्या शेल्फवर.”

रंगाऱ्याने हातातला नवा ब्रश घाईघाईने तोंडापुढे धरला.

“बोला, स्क्रू कोणते देऊ?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

लेक काही बोलायच्या आत म्हातारा पुढे सरसावला.

“चांगले लांब द्या. माझ्या फळ्या जड आहेत.”