सुई अडकते तिथं

नांदुऱ्याच्या मोटारस्टँडवर, मांडीवर लाउडस्पीकरचा भोंगा घेऊन बसलेल्या माणसाला शेजारची बाई विचारत होती.

"इंद्रभानभाऊ, माह्या सिंधूच्या पाठवणीले वाजवली थे इंग्रजी रेकार्ड हाये काय?"

"हाये ना, कलाबाई. पण थे चुकून लागली होती. मुंबईहून जुन्या रेकार्डींचा गठ्ठा आणला, त्यात निंघाली. पाकिटावर पाच केसाळ गोरे हायेत."

"काय म्हणतात त्यात?"

"मले काय मालूम! गिटार लय वाजते."

"येऊन आयकू काय एक डाव?"

"या ना. पण मधात सुई अडकते, तेच तेच वाजत राह्यते. मंग मी हातानं सरकवतो."

"नका सरकवू, भाऊ."

"काऊन?"

"अडकली होती तवा सिंधूची दमणी वेशीतच उभी होती. तुम्ही सुई उचलली, अन् बैल निंघाले."