टोपीवाल्या कुत्र्याचं भुंकणं

— नाही, नाही, आधी ते पिल्लू खाली ठेवा, मग बोलू. आणि 'गोड' हा शब्द माझ्या स्टुडिओत काढायचा नाही. गोड म्हणे! तीस वर्षं लहान मुलांची गाणी रेकॉर्ड करतोय मी, बाई, पण गाण्यातला एक कुत्रा मला धड भेटलेला नाही. टोपी घालतो, शाळेत जातो, मांजरीच्या लग्नात नाचतो — चावत कसा नाही हो कधी? गोचीड होत नाही त्याला? खरूज? म्हातारा होतो का गाण्यातला कुत्रा कधी? नाव नको! ओळ भरायला शब्द कमी पडला की टाक 'भू भू', एवढीच त्याची लायकी. मोठ्यांची गाणी तर त्याहून आचरट — तिथं कुत्रा म्हणजे एकतर शिवी, नाहीतर धन्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला संत. आणि तुमच्या गाण्यात काय, तर कुत्रा छत्री घेऊन आजीला भेटायला निघतो. निघू दे बापडा! कवींना घरात कुत्रा नको असतो, कागदावर मात्र हवा.

काय म्हणालात? 'टोपीवाल्या कुत्र्या'सारखं भुंकणं हवंय? तस्संच? वाटलंच मला. सगळे त्याच्यावरूनच येतात. वाढदिवस असो, बालवाडी असो, ते गाणं लागलं की पोरं ढुंगण हलवत सुटतात. माझा नातूसुद्धा. मी उठून बाहेर जातो — का म्हणजे? कंटाळा येतो म्हणून. दुसरं काय असणार!

त्या गाण्यात भुंकतो ना, तो आमचाच कुत्रा. ही — आमची बायको हो — त्याला 'धाकटा' म्हणायची. मुलगा थोरला, हा धाकटा. एरवी दूधवाल्यावर, कचरेवाल्यावर, वाऱ्यावरसुद्धा भुंकायचा, पण माईकसमोर महाराज गप्प! माईक चाटला, माझा बूट चावला, भुंकायचं नाव नाही. मग मी अक्कल लढवली — माझी अक्कल! हिला काचेच्या अलीकडे उभं केलं आणि त्याला आत कोंडलं. ती दिसतेय, पण दार उघडत नाही — असा भुंकला म्हणता! सात तुकडे काढले त्यातून, एकापेक्षा एक. पोरं ज्याच्यावर नाचतात ना, त्यात तो 'मला बाहेर काढा' म्हणतोय. आनंदी आवाज म्हणे. कान आहेत का लोकांना?

हो, मग काढला की लगेच — नाही. काढला नाही. स्टुडिओ घरातच, ही स्वयंपाकघरात गेली, तिला वाटलं मी काढीन. तेवढ्यात गाण्याच्या निर्मात्याचा फोन आला, भुंकणं मिळालं म्हटल्यावर तो खूश, म्हणाला ये भेटायला, आणि मी निघालो, शीळ घालत. रेकॉर्डिंगला आतला एसी बंद ठेवावा लागतो — घरघर येते ना — आणि ऐन उन्हाळा. खोली मीच बांधलेली, चारी बाजूंनी गाद्या ठोकून. शेजारी फटाक्यांची माळ लावली तरी आत कळायचं नाही, अशी फुशारकी मारायचो लोकांपुढे. म्हणजे आतलंही बाहेर कळायचं नाही, एवढं साधं! संध्याकाळी परत येतो तर ही गल्लीभर त्याला हाका मारत फिरतेय. आणि मी काय म्हणालो माहितीये? 'असेल कुठंतरी उकिरड्यावर.' माझ्या लक्षातच नव्हतं हो. खोटं नाही बोलत — लक्षातच नव्हतं!

रात्री दार उघडलं, तेव्हा तो उंबऱ्याशीच निपचित पडलेला. टेप चालूच राहिली होती. बेचाळीस मिनिटं, रीळ संपेपर्यंत. पहिली तीन मिनिटं जगानं ऐकली, बाकीची मी ऐकतो. शेवटी शेवटी भुंकणंही नाही, नुसती दारावर नखं. हिनं मला कधी काही विचारलं नाही. चहा आणते, दारात ठेवते, आत पाय टाकत नाही. एकवीस वर्षं झाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता का तोंड पाडलंत? नाही, पिल्लू आत जाणार नाही. 'पाचच मिनिटांचं काम' — मलाही तेवढंच वाटलं होतं! आणि दुसऱ्या स्टुडिओतही नाही न्यायचं, सांगून ठेवतो. भुंकणं हवंय ना तुम्हाला? मी देतो. हसू नका. बेचाळीसच्या बेचाळीस मिनिटं तोंडपाठ आहेत मला — कुठं दम घेतो, कुठं आवाज फाटतो, सगळं. कुणाला फरक कळायचा नाही, तुमच्या त्या छत्रीवाल्याला छान शोभेल. उचला पिल्लाला, बाहेर पायरीवर सावलीत जाऊन बसा, पाणी पाजा. दार लोटू नका — राहू दे उघडं. रस्त्याचा आवाज येईल? येऊ दे. गाण्यात येईल? येऊ दे म्हणतो ना, बाई! जा तुम्ही.